खिडकीत टांगलेला चहा

"गॅस बंद करा, बाबा! आधी गॅस बंद करा!" फोनमधून सोनिका ओरडली.

कान्होजींनी फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला होता, त्यामुळे पुण्यात बसलेल्या लेकीला दौलतगंजातल्या घरच्या ओट्यावरचा सगळा कारभार दिसत होता. पातेल्यात दूध, दुधात ठेचलेलं आलं आणि त्यातच तिनं कुरियरनं पाठवलेली ती महागडी ऊलाँग चहाची पत्ती, सगळं खळाखळा उकळत होतं.

"अगं, उकळल्याशिवाय कुठे चहा होतो का?"

"हाच तर नाही उकळायचा ना! थंड पाण्यात पत्ती डाळायची, रातभर फ्रिजमध्ये ठेवायची, सकाळी गाळायची. बस्स. इतकी सिंपल चीज आहे."

"दूध?"

"दूध नाही, साखर नाही, अद्रक तो बिलकुल नाही. बाबा, आईच्या तोंडात छाले आहेत, तुम्ही समजत का नाही?"

समजत होतं हो त्यांना. तेवढं एकच तर समजत होतं. उषाताईंच्या गालातली गाठ गेली होती, पण ती घालवता घालवता रेडिएशननं तोंड आतून सोलून काढलं होतं. गरम सोसवत नव्हतं, तिखटाचं नावच नको, दुधानं घशात चिकटा धरायचा आणि साधं पाणीसुद्धा लोखंड चाटल्यासारखं लागायचं. बाईनं खाणंपिणंच टाकलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगून ठेवलं होतं: सोमवारपर्यंत तोंडावाटे काही जायला लागलं नाही, तर नाकातून नळी घालावी लागेल. ते ऐकून उषाताईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. मग संध्याकाळी कधीतरी एवढंच म्हणाल्या, "मला चहा प्यावासा वाटतोय."

डॉक्टर म्हणाले, बिनदुधाचा, फिका, गार चहा चालेल. तेव्हापासून कान्होजींनी पदर खोचला, म्हणजे लुंगी वर खोचली म्हणा. या माणसानं उभ्या जन्मात चहाचं पातेलं कधी हातात धरलं नव्हतं. महाराज बाड्याच्या चौकापासून स्टेशनपर्यंत सवाऱ्यांचा टेंपो चालवण्यात हयात गेली. माणूस वाईट नव्हता, पण चहाच्या बाबतीत भलताच नवाब. फेरी संपवून घरी यायचा तो जिन्यातूनच आवाज टाकत, "चहा!" वर पोचेपर्यंत कप तयार पाहिजे आणि तोही ओठ भाजेल असा. जरा कोमट लागला, की कप खाली ठेवून विचारायचा, "हा काय चहा आहे?" वर साय दिसली तर बघायलाच नको.

तर त्या दिवशी लेकीचं ऐकतील ते कान्होजी कसले! "गार करून देतो, काय होतंय," म्हणून त्यांनी तो उकळलेला चहा पंख्याखाली धरला आणि चमचाभर उषाताईंच्या तोंडाला लावला. नवऱ्यानं पहिल्यांदा हातानं काही केलंय म्हणून बाईनं तो घेतला. आलं लागलं मात्र, त्यांनी चादर मुठीत गच्च धरली. ओरडल्या नाहीत. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहिलं.

कान्होजींनी पातेलं मोरीत रिकामं केलं. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली त्यांना.

दुसऱ्या वेळी त्यांनी लेकीनं सांगितलं तसंच केलं. थंड पाणी, फ्रिज, सगळं. फक्त पत्ती मूठभर टाकली. एवढ्याशा पत्तीचा कसला चहा, तो कडक नको? सकाळी बाटलीत काढा तयार. या वेळी मात्र शहाणपण आलं होतं, आधी स्वतः घोट घेतला. घेतला तसा थुंकला.

"सगळी संपवली का?" सोनिका रडकुंडीला आली. "दुसरं पाकीट मागवलं तरी सोमवारच्या आत नाही येणार, बाबा."

"आहे थोडी कोपऱ्यात. तू रडू नकोस. किती घालायची ते नीट सांग फक्त."

शनिवारी संध्याकाळी पाकीट उलटं करून त्यांनी उरलेली पत्ती चमच्यात घेतली, बोटानं सपाट केली आणि काचेच्या बाटलीत सोडली. माठातलं पाणी ओतलं. फ्रिजचं दार लावलं, आणि वळतायत तोच पंखा थांबला.

समोरच्या गॅलरीतून विजयाबाईंनी हाक मारली, "कान्होजीदादा, ट्रान्सफॉर्मर उडालाय हो! आता बिजली उद्याच येणार!"

जूनचा महिना. सूर्य मावळला तरी लू वाहत होती, भिंतींना हात लावला तर पोळत होता. रात्र पडेपर्यंत जुन्या फ्रिजच्या आत ऊब धरली. या उकाड्यात ती पत्ती पुन्हा कडू होणार, हे कान्होजींना आता कुणी सांगायची गरज नव्हती. बाटली हातात धरून ते नुसतेच उभे राहिले.

खाटेवरून उषाताई सगळं बघत होत्या. "राहू द्या आता," त्या पुटपुटल्या. "नळी तर नळी."

"नळी कशी? मी काय मेलोय?" कान्होजी खेकसले, आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, "मी आहे ना इथे. तू पड."

ते खेकसणं तिच्यावर नव्हतं. ते घाबरले होते. नळी घातलेली माणसं त्यांनी वॉर्डात पाहिली होती.

बाटलीकडे बघता बघता त्यांना टेंपो आठवला. उन्हाळ्यात सगळे टेंपोवाले पाण्याच्या बाटलीला ओलं पोतं गुंडाळून आरशाला टांगायचे. जेवढी लू जास्त, तेवढं पाणी गार. अरे, हे आधी का नाही सुचलं! माळ्यावरून गव्हाचं पोतं काढलं, झटकलं, भिजवलं, बाटलीभोवती गुंडाळून सुतळीनं आवळलं आणि स्वयंपाकघराच्या पश्चिमेच्या खिडकीत टांगलं. शेजारी पाण्याची बादली घेऊन स्टुलावर बसले. पोतं सुकत आलं की पाणी शिंपडायचं, पुन्हा बसायचं. पहाटेपर्यंत त्यांनी त्या पोत्याला कोरडं होऊ दिलं नाही.

सकाळी बाटली हाताला गार लागली. धुतलेल्या मलमलीतून त्यांनी चहा गाळला. फिका, पिकल्या लिंबाच्या सालीसारखा. घोट घेतला. कडू नव्हता. खरं सांगायचं तर कसलाच नव्हता. "हा काय चहा आहे?" असं जिभेवर आलेलं त्यांनी गिळलं.

मग गॅसवर स्वतःसाठी आल्याचा चहा केला. एव्हाना जमायला लागला होता. दोन्ही कप घेऊन ते खाटेजवळ आले. कपाची कड तिला टोचते, म्हणून तिचा चहा बशीत ओतला.

उषाताईंनी बशी दोन्ही हातांत धरली आणि सवयीनं फुंकर घातली.

"अगं, गारच आहे तो."

त्या हसल्या. हसताना दुखलं, तरी हसल्या. मग घोट घेतला. कान्होजींचं सगळं लक्ष त्यांच्या गळ्याकडे. घोट खाली उतरला. चादरीला हात गेला नाही.

"झोंबतंय?"

"नाही." दुसरा घोट गेला. "लोखंड नाही लागत. वास आहे चहाचा."

कान्होजींना काय करावं ते कळेना. त्यांनी पुन्हा बशी भरली. पुन्हा भरली. फोन करून सोनिकाला सांगायचं, डॉक्टरांना सांगायचं, विजयाबाईंनाही सांगायचं, पण उठवेना.

"तुला आवडेल की नाही, मला शंकाच होती. गार चहा म्हणजे..."

"मला सवयच आहे," उषाताई म्हणाल्या.

"कसली?"

"गारची. आधी तुम्ही. मग सासूबाई. मग सोनिकाची शाळा." त्या थांबत थांबत, दम घेत बोलत होत्या. "माझ्या वाट्याला यायचा, तेव्हा असाच असायचा. वर साय धरलेली."

तक्रारीचा सूर नव्हता त्यात. विचारलं म्हणून सांगितलं, एवढंच.

"मग गरम करून का नाही घ्यायचीस?"

"तेवढ्यात तुमची दुसरी फेरी यायची."

कान्होजींना जिना आठवला, आणि जिन्यातून मारलेल्या हाका.

"अजून द्या," उषाताईंनी बशी पुढे केली. मग त्यांची नजर तिपाईवर गेली. "अगं बाई, तुमचा निवला की! आणा, मी..." आणि हाताचा टेकू घेऊन त्या उठायला लागल्या.

"तू पी," कान्होजी म्हणाले. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि ती पुन्हा उशीला टेकेपर्यंत तो काढला नाही.

उषाताईंनी बाटली संपवली. शेवटची बशी खाली ठेवून त्यांनी डोळे मिटले, तेव्हा कान्होजींनी तिपाईवरचा आपला कप उचलला. वर जाड साय आली होती. ती त्यांनी बाजूला केली नाही. कप तोंडाला लावला आणि शेवटच्या घोटापर्यंत तो गार चहा प्यायले.