दोन्ही जमणारी

जावईबापू होडीच्या जाळीवर आडवे झाले, हात डोक्याखाली घेतले आणि म्हणाले, हीच घ्या, हिच्यावर झोपही छान येईल. मुलगी त्यांच्या शेजारी पाय पसरून बसली. बायको आधी या टोकाला, मग त्या टोकाला बसून पाहून आली. होडी जमिनीवर होती, लाकडी ठोकळ्यांवर, पाण्यापासून चांगली दोनशे पावलं लांब. पण दुकानात सोफा पारखावा तसं तिघांचं चाललं होतं, आणि काटेवाला बाजूला उभा राहून ते पाहत होता.

काटेवाला म्हणजे वजनकाटे दुरुस्त करणारा. तीस वर्षं तो दुकानांतून, कारखान्यांतून, दवाखान्यांतून फिरून काटे उघडत आला होता. दहा ग्रॅमचा फरक त्याच्या नजरेतून सुटत नसे. होड्यांच्या क्लबातही सगळे त्याला काटेवालाच म्हणत, पण तिथलं त्याचं काम वेगळं. एकोणीस वर्षं तो दाताच्या डॉक्टरांच्या होडीवर दुसरा माणूस होता. दुसऱ्या माणसानं पुढचं शीड ओढायचं, डॉक्टर सांगतील तेव्हा या बाजूचं त्या बाजूला व्हायचं, आणि शर्यत जिंकली की टाळ्या वाजवायच्या. बक्षिसाची ढाल डॉक्टरांच्या दवाखान्यात लागायची. हरली की मात्र चूक दोघांची असायची.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी त्याच्या जागी आपला पुतण्या घेतला. तुमच्या गुडघ्यांना आता जरा आराम द्या, असं फार प्रेमानं सांगितलं. काटेवाल्याचे गुडघे ठणठणीत होते, पण प्रेमानं सांगितल्यावर भांडायचं तरी कसं? तो हो म्हणाला आणि घरी येऊन दोन दिवस कोणाशी नीट बोलला नाही.

तेव्हाच त्याने मनाशी धरलं. वर्षातून एकदा क्लबात एकट्याची शर्यत होते. एका होडीत एकच माणूस. त्या शर्यतीत एकदा उतरायचं. सुकाणू आपल्या हातात, शीड आपल्या हातात, आणि चुकलं तर शिव्या द्यायलाही दुसरं कोणी नाही. त्यासाठी स्वतःची छोटी कॅटॅमरान हवी होती. म्हणजे दोन अरुंद होडकी शेजारी शेजारी, मधे आडव्या दांड्या, आणि दांड्यांवर ताणलेली जाळी. माणसं बसतात ती जाळीवर.

त्याने आपली निवड आधीच केली होती. होड्या विकायच्या एका आवारात कोपऱ्यातल्या पत्र्याखाली एक जुनी होडी पडली होती. हलकी, अरुंद, एका बाजूला ठिगळ लावलेली. आवारवाल्या बाईंनी ती स्वतः आठ वर्षं पळवली होती. त्यांनी पहिल्या भेटीतच सांगून टाकलं होतं, "ही एकट्याचीच आहे. दुसरं कोणी बसलं की रुसते." ते ऐकून काटेवाल्याला इतका आनंद झाला की परतताना तो रस्ताच चुकला.

पण बायकोचं म्हणणं पडलं की घरात येणारी वस्तू घरातल्या सगळ्यांची हवी. एकोणीस वर्षं रविवार तिने एकटीने काढले, आता निदान सगळे मिळून जाऊ. मुलगी म्हणाली, आम्ही दोघं दर रविवारी येणारच. जावईबापूंनी मोबाइलवर शोधून एक होडी काढलीसुद्धा. पुढचं शीड काढलं की एकट्याला शर्यतीची, लावलं की चौघांना सहलीची. दोन्ही जमणारी. ती याच आवारात उभी होती, आणि आता तिच्यावर तिघं बसली होती.

डोलकाठीला एक छापील पत्रक बांधलं होतं. काटेवाल्याने ते वाचलं. आकडे वाचायची त्याला सवयच. लांबी, रुंदी, शिडाचं माप, आणि शेवटच्या ओळीत लिहिलं होतं: पाण्यात उलटल्यास सरळ करण्यासाठी किमान पंच्याहत्तर किलो वजन आवश्यक.

कॅटॅमरान उलटली की आडवी पडते. मग खालच्या होडक्यावर उभं राहून, वरच्या होडक्यावरून आणलेला दोर धरून, मागे रेलून तिला आपल्या वजनानं उठवावी लागते. तिथे अक्कल कामाची नाही, ताकदही फारशी नाही. फक्त वजन.

आवारवाल्या बाई जवळ येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि हळूच विचारलं, "तुमचं वजन किती?"

काटेवाल्याचं वजन अठ्ठावन्न किलो. महिन्यातून एकदा दुरुस्तीला आलेल्या काट्यावर तो स्वतः उभा राहून बघे. जाळीवर मुलगी कशावरून तरी हसत होती. लग्न झाल्यापासून तिला असं मोकळं हसताना त्याने पाहिलं नव्हतं.

"पंच्याहत्तर," तो म्हणाला.

सतरा किलोचं खोटं. भाजीवाल्याने सतरा ग्रॅम मारले असते तर याने त्याचा काटा जप्त करायला लावला असता. बाईंनी मान हलवली. बायकोने मात्र त्याच्याकडे वळून पाहिलं, नीट पाहिलं, आणि मग ती पुन्हा जाळी किती घट्ट ताणलीय ते दाबून बघू लागली.

त्याने स्वतःला समजावलं की कोणी ना कोणी बरोबर असेलच. दोघांचं मिळून वजन सहज भरेल. एकट्याच्या शर्यतीत दुसरं कोण बरोबर असणार, हा विचार समोर आला तेव्हा त्याने मान दुसरीकडे फिरवली.

नव्याचे नऊ दिवस म्हणतात, इथे दोनच निघाले. पहिल्या रविवारी वारा पडला आणि चौघं दोन तास उन्हात एका जागी तरंगत बसली. दुसऱ्या रविवारी वारा चांगला होता. होडीने वेग घेतला, वाऱ्याकडचं होडकं हातभर पाण्याबाहेर उचललं गेलं. काटेवाल्याच्या अंगात वीज खेळली. त्याने मागे पाहिलं तर बायको डोळे मिटून जाळीची दोरी दोन्ही हातांनी धरून बसली होती, आणि जावईबापूंचा चेहरा पांढरा पडला होता. त्याने शीड सैल सोडलं. नंतर कोणाला लग्नाला जायचं होतं, कोणाची कंबर धरली होती, कोणाच्या ऑफिसात काम निघालं होतं. कारणांना कधी दुष्काळ पडत नाही.

मग तो एकटाच जाऊ लागला. ती जड होडी चाकांवरून पाण्यापर्यंत ढकलताना धाप लागे, पण एकदा पाण्यात गेली की तो तिला छान चालवी. पाच महिने त्याने सराव केला. एकदा डॉक्टरांची होडी शेजारून चालली असताना त्याने ती मागे टाकली आणि वळूनसुद्धा पाहिलं नाही. त्या दिवशी घरी येऊन तो दाढी करताना शीळ घालत होता.

शर्यतीत नाव देणाऱ्याने आधी धक्क्याजवळ आपली होडी मुद्दाम उलटवून दहा मिनिटांत एकट्याने सरळ करून दाखवायची, असा क्लबाचा नियम होता. नियम काही नवा नव्हता. काटेवाल्याने कोणी बघायला यायचं नाही असं बजावलं होतं, तरी बायको आली आणि धक्क्यावर उभी राहिली.

त्याने होडी उलटवली. होडक्यावर चढला, दोर धरला आणि मागे रेलला. शिडाचं टोक पाण्यातून वीतभर वर आलं आणि थांबलं. तो आणखी रेलला, इतका की पाठ पाण्याला लागली. टोक थांबलं होतं तिथेच थांबलं. मग हळूहळू खाली गेलं. असं चार वेळा झालं. सातव्या मिनिटाला, क्लबाची मोटारलाँच घेऊन शेजारी थांबलेल्या लाँचवाल्याने हात पुढे केला, तेव्हा काटेवाल्याने अजून तीन मिनिटं आहेत अशी खूण केली. ती तीन मिनिटं तो दोराला लटकून राहिला. धक्क्यावर क्लबाच्या सेक्रेटरींनी घड्याळाकडे पाहिलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

घरी आल्यावर बायकोने टॉवेल दिला. दोराने तळहात सोलून निघाले होते, तिने मलम लावलं आणि मान वर न करता म्हणाली, "मला तेव्हाच माहीत होतं. तुम्ही पंच्याहत्तर म्हणालात ना, तेव्हाच."

"मग बोलली का नाहीस?"

"ती दुसरी घेतली असती तर तुम्ही पुन्हा दर रविवारी निघून गेला असता. आणि मग कधीच मला घेऊन गेला नसता."

"मग दोन रविवारांनंतर कुठे आलीस बरोबर?"

"भीती वाटते हो मला. ते मला माहीत नव्हतं. बसल्यावर कळलं."

तिच्यावर रागवावं तर खोटं बोलला तो स्वतः. स्वतःवर रागवावं तर तिने एका शब्दाने थांबवलं असतं. दोघंही एकाच खोट्याचे भागीदार, आणि होडी होती धड ना याची, धड ना तिची. तो इतका कडू झाला होता की हात दुखतोय हेही त्याला सांगावंसं वाटलं नाही.

पत्र्याखालची होडी तोवर विकली गेली होती. कॉलेजात शिकवणाऱ्या एका बारीक बाईंनी ती घेतली होती.

शर्यतीच्या आठवड्यात सेक्रेटरींचा फोन आला. होड्या जिथून वळतात त्या लांबच्या बोयापाशी, म्हणजे पाण्यावरच्या तरंगत्या खुणेपाशी, नोंद ठेवायला एक होडी उभी करायची होती. ते म्हणाले, तुमची रुंद आहे, हलत नाही, नांगर टाकला की ओट्यासारखी राहते. काटेवाला हो म्हणाला. नाही म्हणायची त्याला सवयच नव्हती.

आणि त्या रविवारी सगळे आले. होडी नांगरावर उभी राहणार, शीड उघडणार नाही, हे कळल्यावर कोणालाही कारण सापडलं नाही. लाँचने त्यांना होडीसकट ओढत बोयापाशी नेऊन सोडलं. बायकोने छत्री उघडली. मुलीने डबे काढले. जावईबापू पहिल्या दिवसासारखेच आडवे झाले. बायको चोहीकडे पाहत म्हणाली, "अशी उभी असली की किती बरं वाटतं. उगाच घाबरत होते मी."

ती मनापासून सुखी दिसत होती. काटेवाल्याला ते दिसत होतं, आणि ते त्याला सहन होत नव्हतं.

होड्या एकेक करून येऊ लागल्या. तो शिडावरचा नंबर मोठ्याने वाचे आणि बायको वहीत लिहून घेई. पाचवी ती ठिगळाची होडी होती. बारीक बाई एका बाजूला पार बाहेर झुकल्या होत्या, एक होडकं हवेत होतं, आणि इतक्या जवळून त्या वळल्या की त्याच्या तोंडावर पाणी उडालं. मुलीने टाळ्या वाजवल्या.

"नंबर?" बायकोने विचारलं.

त्याने सांगितला.

"नीट सांगा, ऐकू नाही आलं."

त्याने पुन्हा सांगितला.

शेवटची होडी वळून गेली. परत जाताना तरी शीड उघडायचं, असं त्याने सकाळपासून मनात ठेवलं होतं. वाराही छान पाठीमागून होता. तो शिडाच्या गाठी सोडायला उठला तशी बायको म्हणाली की राहू द्या हो, लाँच येतेच आहे. जावईबापूही उठून बसत म्हणाले, ते बरं. लाँच शेजारी येऊन थांबली.

काटेवाल्याने सोडलेली एक गाठ परत बांधली. मग नांगर ओढून वर घेतला, जाळीवर पाणी सांडू नये म्हणून तो बाहेरच झटकला, ओढून न्यायचा दोर पुढच्या दांडीला पक्का केला आणि त्याचं दुसरं टोक लाँचवाल्याकडे फेकलं.