बिनसेलचा टायमर

लिफ्ट तळमजला आणि पहिल्या मजल्याच्या मधोमध अडकली. आत आक्का एकटी. तिसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरकडे दम्यासाठी निघालेली. तिचा पंप रिक्षात राहिला म्हणून मनाली, तिची सून, पळत मागे गेली आणि म्हातारीने बटण दाबलं. आता पंप मनालीच्या मुठीत आणि आक्का पत्र्याच्या दाराआड.

"लाईट गेली," वॉचमन महादू स्टुलावरून उठलाही नाही. "लोडशेडिंग हाय. बसा ताई, येल."

"आत माणूस आहे, काका."

"सगल्या गावाची गेली, एकट्या तुमची न्हाय."

भिवंडीत लाईट गेली की कुणी 'का' म्हणून विचारत नाही. बूड टेकायचं आणि पुठ्ठ्याने वारा घ्यायचा. दुकानदार तेच करत होते. मनालीने दाराला कान लावला. आत खोकला होता, मग फक्त शिट्टीसारखा श्वास.

"आक्का, बोलू नका. हळू घ्या श्वास."

तिने पुन्हा कान लावला, पण मागच्या गल्लीतल्या कापडाच्या लूमच्या खटाखटीत काही ऐकू येईना. ती चिडली. आणि मग तिने कान दारावरून काढून महादूकडे पाहिलं.

"काका, लूम चालू आहेत. म्हणजे गावात लाईट आहे."

महादूचा पुठ्ठा थांबला. "मंग टायमर आसल. शेटनी कालच बसवला. दुपारी दुकानं बंद आसतान, तवा लिफ्ट, जिन्याचा दिवा, दुकानातलं पंखं, सगला बंद."

"आत्ता दुपार आहे?"

बिल्डिंगचा मालक केसरीनाथ शेट. भातशेती विकून कॉम्प्लेक्स बांधलं, आणि वीज वाचवणारा म्हणून कालपासून छाती काढून फिरत होता. सेल असलेल्या टायमरचं घड्याळ लाईट गेली तरी चालतं. याने बिनसेलचा, स्वस्तातला उचलला. जिथे रोज लाईट जाते तिथे. कालपासून दोनदा लोडशेडिंग झालं, तेवढा वेळ घड्याळ झोपलं, आणि शेटची दुपार आली ऐन संध्याकाळी, दवाखाना उघडायच्या वेळेला.

मीटररूमला कुलूप. चावी शेटकडे, शेट तासभर दूर, अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडात. महादूने मोबाईल लावून दिला.

"कशाला हात लावू नका," शेट म्हणाला. "सेटिंग बिघडेल. येतो मी."

"माझी सासू मरेल."

"अहो, येतो म्हटलं ना."

मनालीने फोन महादूच्या हातात कोंबला आणि दारातला फरशीचा तुकडा उचलला.

"ताई, माजी नोकरी जाईल."

"जाऊ दे."

कुलूप तिसऱ्या घावाला तुटलं. टायमरच्या बाजूला, टायमर वगळून लाईट चालू करायचा एक खटका होता. तिने तो वर केला.

दिवे लागले, लिफ्ट खाली आली. आक्का कोपऱ्यात बसली होती, ओठ जांभळे. मनालीने पंप तिच्या तोंडात धरून दाबला. काही नाही. पुन्हा दाबला. आक्काची छाती एकदा वर आली, अडली, मग रडक्या आवाजात हवा आत गेली.

"चला, वरती नेऊ," एक दुकानदार म्हणाला. "लिफ्ट सुरू झाली आता."

आक्काने मनालीचा हात असा आवळला की नखं रुतली. मान नाही म्हणून हलली.

मग महादूने आपलं स्टूल फेकलं, दुकानातली प्लॅस्टिकची खुर्ची ओढली. म्हातारीला बसवलं. एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला दुकानदार, मागून मनाली, असे तिघे खुर्ची उचलून जिना चढू लागले. जिन्याच्या मध्यावर महादूच्या खिशात मोबाईल वाजायला लागला.

"शेट असेल," दुकानदार म्हणाला.

"वाजू दे," महादू धापा टाकत म्हणाला. "माजं दोनी हात गुंतलंत."