कुपीतलं कुंकू

मित्रांनो, तुमच्या मुठीत मावेल एवढी मी एक काचेची कुपी. आकार उपड्या पेल्यासारखा, खाली पितळी बूड. औषधाची नाही की अत्तराची नाही. एका फार जुन्या विमानाच्या इंजिनाची मी नाडी आहे.

ते इंजिन पाहाल तर हात जोडाल. इतर इंजिनांत आतलं फिरतं आणि बाहेरचं स्थिर असतं. आमच्यात मधला दांडा जागच्या जागी, आणि त्याच्याभोवती गोल मांडलेले सगळे सिलिंडर पंख्यासकट गरगर फिरतात! वंगण लागतं ते एरंडेलाचं. हो, पोट बिघडलं की घरात चमचाभर पाजतात, तेच. पंप तेल ढकलतो तसं माझ्या पोटातलं तेल उसळतं आणि खाली बसतं. ते उसळणं थांबलं की इंजिन कोरडं पडतंय असं समजायचं. मग लगेच बंद करायचं, नाहीतर लोखंड लोखंडाला चिकटून सारा खेळ आटोपतो.

दूरदेशीच्या कुण्या कारागिराने मला फुंकून घडवलं. त्याचं नाव ठाऊक नाही, पण त्याचा श्वास अजून माझ्या आकारात आहे असं मला वाटतं. ढगांच्या वर काय असतं तेही मी पाहिलंय. मग ती विमानं गेली आणि मी कितीतरी वर्षं पेंढ्याच्या खोक्यात पडून राहिले. अखेर एका संग्रहालयाने आम्हाला दुरुस्तीसाठी अंबरनाथला, आनंदनगरच्या एका गाळ्यात पाठवलं.

गाळा चामटोली गावच्या चंदरचा. त्याची इंजिनिअर झालेली लेक जिज्ञासा त्याच्या जोडीला. बायको काशी डबा घेऊन यायची. तिने माझं पितळी बूड चिंचेने घासलं आणि म्हणाली, "बघा, देवाच्या तांब्यासारखी उजळली!" इतक्या मायेने मला कुणी हात लावला नव्हता.

मग परीक्षेचा दिवस आला. संग्रहालयाचे जितेश साहेब आले आणि खुर्चीवर टेकत म्हणाले, "आज नीट चाललं तर लोकांसमोर चालवत राहू. नाहीतर सिलिंडर दांड्याला वेल्डिंगने जखडून काचेच्या पेटीत ठेवायचं ठरलंय."

चंदरने इंजिनावरून हात फिरवला. पुन्हा कधीच न फिरणं म्हणजे काय, हे त्याला आणि मलाच कळत होतं.

काशीचा संकष्टीचा उपास होता. तिने स्वस्तिक काढलं, नारळ वाढवला आणि डोळे मिटून अक्षता वाहिल्या. टाकीत एरंडेल ओतणारा चंदरही तसाच थांबून हात जोडून उभा राहिला.

चंदरने पंख्याला हिसका दिला आणि इंजिन गर्जलं! गाळ्याचे पत्रे थरथरले. मी जोमाने धडधडू लागले. पण थोड्याच वेळात माझ्या पोटातलं तेल मंदावलं, आणि निपचित पडलं.

"बंद कर! बंद कर गो!" चंदर लेकीला ओरडून म्हणाला.

पहिला संशय माझ्यावरच. "पप्पा, ही कुपीच फेकू आहे," जिज्ञासा म्हणाली. "डायरेक्ट सेन्सर लावू या."

मला तोंड असतं तर! मला धुतलं, पुन्हा बसवलं. इंजिन लावलं, माझं तेल तसंच उसळलं, तसंच बुडालं. मग पंप उघडला, तो निर्दोष. नळी सोडली तर तेल धो धो आलं.

"तेलात मिलावट असेल," जिज्ञासा म्हणाली.

"कॅम्प पाचच्या साईं तेलवाल्याकडचं तेल हाय. डोळं मिटून वासानं सांगीन," चंदर म्हणाला. मग कपाळ चोळत पुटपुटला, "चालताना तेल धरतं, थांबलं की सोडतं. असा कुठला चोर हाय?"

जितेश साहेबांनी घड्याळात पाहिलं. चंदरचा चेहरा उतरला.

माझ्यापाशी उत्तर होतं. पण मी दाखवू शकते, बोलू शकत नाही. जिज्ञासाने टॉर्च माझ्यावर धरला आणि थबकली. "पप्पा, आत लाल काय आहे? गंज?" तिने मला उघडून बोटाने ते टिपलं. "गंज नाही. हे कुंकू आहे!"

सगळ्यांनी काशीकडे पाहिलं.

"अगो बाई! माझ्या अक्षता!"

"झाकण मीच उघडं टाकलेलं," चंदरने जीभ चावली.

टाकीच्या तळाशी ते तांदूळ निवांत पडले होते. पंप ओढू लागला की ते नळीच्या तोंडावरच्या जाळीला जाऊन चिकटत, आणि तेलाची वाट अडे. थांबला की निसटून पुन्हा तळाला.

काशीचे डोळे भरून आले. "माझ्याच हातानं अपशकुन झाला का गो?"

"अपशकुन कसला, आई! तुझ्या कुंकवानेच पत्ता दिला. पांढरे तांदूळ टाकले असतेस तर शोधत बसलो असतो."

"म्हणजे आता पूजा पण दुरुस्तीत धरायची," जितेश साहेब हसले. "करा, मी थांबतो."

काशीने नैवेद्यावरचं मलमलचं स्वच्छ फडकं काढून दिलं. टाकी धुतली, तेल गाळलं. या वेळी झाकण तिने स्वतः फिरवून घट्ट केलं.

आणि मित्रांनो, इंजिन पुन्हा लागलं! सिलिंडरांचं एक लखलखतं चक्र झालं, निळसर धुराला एरंडेलाचा वास आला. मी धडधडत राहिले, धडधडतच राहिले. साहेब उठून उभे राहिले होते. "पेटी नको," ते एवढंच म्हणाले. चंदरने डोळे पुसले, धुरामुळे म्हणाला.

बाळांनो, एखादं यंत्र वाईट बातमी सांगू लागलं तर त्याला खोटं ठरवून फेकू नका. ते काय दाखवतंय ते टॉर्च लावून पाहा. आणि भक्ती भरभरून करा, पण आधी झाकण लावा.

आता दरवेळी इंजिन लावण्याआधी काशी झाकण चाचपते. अक्षता विड्याच्या पानावर ठेवते. मग कुंकवाचं एक बोट तेवढं माझ्या काचेला लावते, बाहेरून. त्याच्यामागे माझं तेल उसळू लागतं, आणि ती त्या उसळण्याकडे बघत हात जोडते.