चापाचा टाय

चिमण्या कुठल्याही दारातून आत येताना खांदे तिरके करतो. जन्मला तेव्हा अगदी एवढासा होता, म्हणून ताईने ठेवलेलं हे नाव. पुढे तो असा काही वाढला की एका बारने त्याला बाउन्सर म्हणून दारावर उभं केलं; नाव मात्र तेच राहिलं. आई गेल्यापासून ताईनेच त्याला वाढवलं. ती घरी शिवणकाम करते.

सध्या तो खाटेवर पडून होता. "आता पुरे, घरी जा" एवढंच म्हटल्यावर एका गिऱ्हाइकाने त्याला गळ्याला धरून पायऱ्यांवरून खाली खेचलं होतं. मानेभोवती जांभळा वळ होता आणि आवाज बसला होता.

"पोलिसांत चल," ताई सकाळपासून मागे लागली होती.

"नको."

"का नको? घाबरलास?"

"जाऊ दे ना, ताई."

"उद्या तो पुन्हा येईल. तुझ्या जागी दुसऱ्या कुणाला धरेल."

चिमण्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. खाट करकरली.

"रुसायचं तर खाली बसून रुस. खाट मोडेल."

ताई थट्टा करत होती, पण मनात एकच शंका होती. आधी यानेच हात उचलला नसेल ना?

बारमध्ये त्याच्यासोबत दारावर असणारी मुलगी दुपारी भेटायला आली. बायकांची तपासणी ती करायची. आल्या आल्या ती त्याच्यावर उखडली.

"दादा, मी जबाब देऊन आले. पण मार तू खाल्लास ना? तू बोलला नाहीस तर तो सुटतोय."

"खरं सांग," ताई तिला म्हणाली, "याचं काही चुकलं होतं?"

"छे! त्याने हातसुद्धा उचलला नाही. चुकला तो फक्त टाय."

चिमण्या जोरात खोकला. मुलीला वाटलं, घसा दुखतोय. तिने पाण्याचा पेला पुढे केला आणि बोलत राहिली.

"आम्ही सगळे चापाचा टाय लावतो. कुणी ओढला तर त्याच्या हातात निघून येतो, आपली मान सुटते. नेमका त्या दिवशी हा खरा टाय बांधून आला. काढ म्हटलं, तर हसून म्हणाला, आजच्या दिवस राहू दे."

ताई खाटेच्या कडेवर बसली. तो चापाचा टाय तिला शाळेतल्या पोरांच्या टायसारखा वाटायचा. चिमण्याला दारावरचा मुख्य केलं, तेव्हा सुटाच्या उरलेल्या कापडातून तिने खरा टाय शिवला होता. गाठही तिनेच मारून दिली होती.

"आतून दुहेरी शिवण घातली होती मी," ती शेवटी म्हणाली. "तुटू नये म्हणून."

मुलीने जीभ चावली.

"म्हणूनच जायचं नव्हतं," चिमण्या घोगऱ्या आवाजात म्हणाला. "टायचं विचारणार ते. तुझ्या कानावर जाणार. मग तू मशीनला हात लावला नसतास."

"आणि तो माणूस मोकळा फिरला असता, ते चाललं असतं तुला?"

"तुझ्यापेक्षा तो मोठा आहे का?"

ताईने डोळे पदराला पुसले आणि चपला पायात सरकवल्या. "ऊठ, शहाण्या. शर्ट बदल."

पोलिस ठाण्यात साहेबांनी तेच विचारलं. "नेहमीचा टाय का नव्हता?"

चिमण्याने ताईकडे पाहिलं.

"मी शिवून दिला, म्हणून," ताई म्हणाली. "मला त्यातलं काही माहीत नव्हतं. पण साहेब, टाय कसलाही असो, ओढला कुणी? ते लिहा."

"लिहितो, बाई," साहेब म्हणाले. मग चिमण्याने थांबत थांबत सगळं सांगितलं आणि शेवटी सही केली.

बाहेर पडल्यावर पायरीपाशी त्याने ताईचा दंड हलकेच धरला, दुसरा हात तिच्या पाठीमागे आडवा ठेवला आणि एकेक पायरी उतरवू लागला.

"अरे, मी काय पिऊन आलेय, असं धरून न्यायला?"

तो हसला. हसताना मान ठणकली, तशी ती हाताने दाबून धरली आणि पुन्हा हसत सुटला.

"हळू हस, मेल्या," ताई म्हणाली. पण दंड तिने सोडवून घेतला नाही.