गोळी कापणारा अडकित्ता

मित्रांनो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी अडकित्ता पाहिलाही नसेल. दोन पितळी दांडे, ते जोडणारी खीळ आणि वरच्या दांड्याला बसवलेलं पोलादी पातं. मध्ये सुपारी धरायची, दांडे दाबायचे, की कट् करून सुपारीची दोन शकलं होतात. मी असाच एक जुना अडकित्ता आहे. माझ्या दांड्यांवर दोन पोपट कोरलेले आहेत आणि त्यातल्या एकाची चोच झिजून गेली आहे. बेंगळुरूच्या के. आर. पुरम भागात दामोदरअण्णांच्या स्वयंपाकघरात माझा मुक्काम असतो. माझी कहाणी आनंदाची नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझे दांडे कोल्हापूरकडच्या एका तांबटाने ओतले आणि पातं एका लोहाराने घडवलं. दोघेही चोख कारागीर होते, म्हणून तर मी आजवर कधी सुपारी चुरडली नाही. अण्णांनी मला एका जत्रेत घेतलं. पुढे त्यांना बेंगळुरूच्या सरकारी कारखान्यात इंजिनिअरची नोकरी लागली आणि त्यांच्या ट्रंकेत बसून मीही इकडे आलो. रविवारी कारखान्यातले मित्र जमायचे, तेव्हा माझा काय थाट असायचा! चांदीच्या तबकात विड्याच्या पानांशेजारी माझी जागा. "अण्णा, फाक बघा, दोन्ही बाजू अगदी सारख्या," असं कोणी म्हटलं की मी खूश. मला खोटी नम्रता जमत नाही. मधोमध कापण्यात माझा हात धरणारं त्या घरात कोणी नव्हतं.

मग एकदा अण्णांच्या गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला. डॉक्टरांनी दम भरला आणि सुपारी बंद झाली. तबक माळ्यावर गेलं आणि मी ड्रॉवरमध्ये. गंजके स्क्रू-ड्रायव्हर, संपलेले सेल, कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या किल्ल्या, ही माझी नवी मित्रमंडळी. कित्येक वर्षं मला कोणी हात लावला नाही. वाईट वाटायचं, पण आज वाटतं, तेच दिवस बरे होते.

त्या काळात अण्णांची मुलगी केतकी मोठी झाली. तिचं लग्न झालं. जावई प्रणीत पुण्याचा, व्हाइटफील्डच्या एका आयटी कंपनीतला. दोघं वरच्या मजल्यावर राहायची, पण स्वयंपाकघर खालचं एकच होतं, त्यामुळे ड्रॉवरमध्ये पडल्या पडल्या मला सगळं ऐकू यायचं. त्यांची ओळख म्हणे कोपऱ्यावरच्या हॉटेलात 'बाय-टू' कॉफी पिताना झाली. या शहरात ही एक मोठी गंमत आहे. एक कॉफी मागवायची आणि दोन पेल्यांत वाटून घ्यायची, कोणालाच त्यात काही वावगं वाटत नाही. घरीही त्यांचं तेच चालायचं. एक डोसा बाय-टू, एक आंबा बाय-टू. अण्णा चिडवायचे, "अरे, घरात एवढा दुष्काळ पडलाय का?"

एके वर्षी केतकीचं पित्ताशयाचं छोटं ऑपरेशन ठरलं. त्याआधी रक्त तपासलं आणि त्यात एचआयव्हीचा विषाणू निघाला. प्रणीतचं रक्त तपासलं, तर त्यातही तोच. अण्णांना काही सांगायचं नाही, असं दोघांनी ठरवलं. डॉक्टरांनी धीर दिला. आता यावर चांगली औषधं आहेत, नेमाने घेतली तर माणूस म्हातारा होईपर्यंत जगतो, असं ते म्हणाले. शिवाय शहरातल्या एका संशोधन केंद्रात एका नव्या गोळीची चाचणी चालू होती. ज्यांनी आजवर या रोगाचं कुठलंच औषध घेतलेलं नाही, अशाच लोकांना ती देणार होते. केतकीला त्यांनी घेतलं.

त्या दिवशी सकाळी अण्णा फिरायला गेले होते. केतकी पोहे परतत होती.

"मला घेत नाहीयेत," प्रणीत म्हणाला.

"का? आपल्याला तर दोघांनाही आत्ताच कळलं ना?"

"मला आधीपासून माहीत होतं, केतकी. पुण्यात असताना मी काही महिने गोळ्या घेतल्या होत्या. चक्कर यायची, भयानक स्वप्नं पडायची. मग सोडून दिल्या."

"लग्नाच्या आधी?"

"हो."

केतकीने गॅस बंद केला. "आणि मला सांगावंसं नाही वाटलं?"

"सांगितलं असतं तर तू लग्न केलं असतंस?"

पोहे कढईतच गार झाले. मित्रांनो, मी साधा अडकित्ता, पण त्या क्षणी मला प्रणीतचा एवढा संताप आला की ड्रॉवर फोडून बाहेर यावंसं वाटलं.

केंद्रातल्या लोकांनी प्रणीतला वाऱ्यावर सोडलं नव्हतं. सरकारी दवाखान्यात त्याला चालतील अशी वेगळी औषधं फुकट मिळतात, तिथे जा, असं त्याला नीट समजावलं होतं. तो गेलाही. रांगेत त्याला त्याच्या ऑफिसच्या कॅबचा ड्रायव्हर दिसला. ड्रायव्हर स्वतःच्या आजारी भावासाठी आला होता की कशासाठी, देव जाणे. प्रणीत पाठ फिरवून घरी आला. "उद्या जाईन, स्वल्प, जरा गर्दी कमी होऊ दे," असं म्हणत त्याने महिने घालवले. जुन्या औषधांवर त्याचा भरवसा नव्हता. नवी गोळी मिळाली असती तर वाचलो असतो, हेच त्याच्या मनात बसलं होतं. त्याची पॅन्ट कमरेवर राहीना. जिना चढताना तो मध्येच बसायचा.

केतकीचा राग गेला नव्हता. पण त्याला असं बसलेलं पाहिलं की ती पाण्याचा पेला घेऊन जिन्याकडे धावायची. एका सकाळी तिने गोळी ताटलीत ठेवली आणि सुरीने कापली. सुरी म्हणजे उतावळी! गोळीचा एक तुकडा मोठा झाला, एक लहान, बाकी चुरा. मग मोठा कोणी घ्यायचा यावरून दोघांची हुज्जत.

"तू घे, तुला ताप आहे."

"वेडी आहेस का? गोळी तुझी आहे."

"आपलं काय माझं-तुझं होतं कधी? बाय-टू समज."

दुसऱ्या दिवशी ती ड्रॉवर उपसत बसली आणि तिच्या हाताला मी लागलो. तिने मला गरम पाण्याने धुतलं, पुसलं, गोळी माझ्या पात्याखाली धरली आणि दाबलं. कट्. दोन सारख्या फाका. प्रणीत हसला. कितीतरी दिवसांनी तो हसला. "वा! मस्त कापतो गं हा," तो म्हणाला. इतक्या वर्षांनी कौतुक कानावर पडलं आणि मी फुगलो. गोळीचं काय काम असतं, ती अख्खी का घ्यायची असते, मला कुठे ठाऊक? मला कापणं ठाऊक.

गोळी आतून कडूजहर असावी. प्रणीत वर गुळाचा खडा खायचा. केतकी पात्यावरची पांढरी पूड बोटाने टिपून चाटायची, वाया जायला नको म्हणून.

एकदा अण्णा फिरून लवकर परतले आणि मला टेबलावर पाहून दारातच थांबले. "केतकी, सुपारी सुरू केलीस की काय?"

"नाही हो बाबा. कॅल्शियमची गोळी मोठी आहे, घशाखाली उतरत नाही."

"सरी, सरी," अण्णा इथल्या कानडीत 'बरं, बरं' म्हणाले. "मग हा असा कोरडा का वापरतेस? आण इकडे." त्यांनी माझ्या खिळीत खोबरेल तेलाचा थेंब सोडला, पात्याला दगडावर धार लावली आणि मला पुन्हा तिच्या हातात दिलं. आपला जुना सोबती लेकीच्या उपयोगी पडतोय, याचाच त्यांना आनंद होता. आजही ते आठवलं की माझ्या पितळेला कापरं भरतं.

सुरुवातीला केतकीच्या रक्तातला विषाणू कमी झाला. मग हळूहळू वाढू लागला. केंद्रातल्या समुपदेशक कस्तुरी घरी आल्या. त्या बेळगावच्या, त्यामुळे केतकीशी मराठीतच बोलायच्या. शेजाऱ्यांना शंका नको म्हणून मैत्रिणीसारख्या येऊन बसायच्या.

"गोळी रोज घेतेस की नाही, खरं सांग बघू."

"रोज घेते, अक्का. एक दिवस चुकवला नाही."

"बाटलीतल्या गोळ्या पण बरोबर संपतात. मग असं का व्हायला लागलंय? डॉक्टर पण डोकं धरून बसलेत बघ."

केतकीने मान खाली घातली. ती खोटं बोलली नव्हती, पण खरंही बोलली नव्हती. मी त्यांच्या दोघींच्या मध्ये टेबलावर पडलो होतो. कस्तुरींनी मला उचललं, पोपट निरखले आणि "छान आहे जुनं काम," म्हणून परत ठेवलं. इथे सांगून टाक पोरी, सांगून टाक, असं मी मनात ओरडत होतो. केतकी उठून कॉफी करायला गेली.

उन्हाळ्यात प्रणीत गेला. खंगलेल्या शरीरात शिरलेला क्षय मेंदूपर्यंत पोचला होता. शेवटी शेवटी त्याला केतकीचं नावही आठवत नव्हतं. अर्ध्या गोळीने त्याला एक दिवसही जास्त दिला नसेल, असं डॉक्टरांना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. पण त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

दिवस-कार्य उरकल्यावर कस्तुरी आल्या, तेव्हा केतकीने सगळं सांगितलं.

"अक्का, आता मी अख्खी घेईन. एकटीच तर आहे."

"आता नाही गं उपयोग व्हायचा. औषध कमी पडत गेलं ना, तेवढ्यात तो विषाणू त्याला पुरता ओळखून बसला. ही गोळी तुला चालणार नाही, हिच्यासारख्या दुसऱ्या पण नाहीत. गेल्या वेळच्या रक्तात ते दिसलंय, म्हणून चाचणीतून तुझं नाव काढलंय."

"बाकीच्यांचं कसं आहे? ज्यांनी अख्खी घेतली त्यांचं?"

कस्तुरींना ते सांगायचं नसावं. "बरं आहे," त्या म्हणाल्या. "बहुतेकांच्या रक्तात विषाणू आता दिसत पण नाही."

केतकी रडली नाही. तिने फक्त पदर तोंडावर धरला. कस्तुरींनी तिचा हात हातात घेऊन समजावलं. वेगळी औषधं सुरू करायची होती, मोठी, जड, दिवसातून दोनदा. "ही मात्र अख्खी घ्यायची हं, माझ्या गळ्याची शपथ आहे तुला. ही पण विषाणूने ओळखली तर पुढे आमच्या हातात फारसं काही नाही."

केतकी हो म्हणाली. ती मनापासूनच हो म्हणाली, मी पाहिलं आहे.

मित्रांनो, अशा कहाणीच्या शेवटी आम्ही वस्तू तुमच्याकडे काहीतरी मागतो. आम्हाला टाकू नका, जपा, पुसत जा, असं म्हणतो. माझं मागणं उलटं आहे. औषध ज्याचं असेल त्यानेच आणि पूर्ण घ्यावं, प्रेमाने म्हणूनही ते कोणाला वाटू नये, हे तर मी सांगेनच. पण तुमच्यापैकी कोणी या घरी आलं, तर मला गुपचूप खिशात घालून घेऊन जा. दूर कुठेतरी नाल्यात फेकून द्या. हरवला म्हणू दे त्यांना.

कारण केतकी रोज सकाळी टेबलाशी बसते आणि नवी गोळी हातात घेते. अख्खी गिळायची म्हणून तोंडाशी नेते. मग तिचा हात थांबतो. ती मला जवळ ओढते, गोळी पात्याखाली धरते आणि दाबते. अर्धी ती पाण्याबरोबर घेते. उरलेली अर्धी समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवते.