सफरचंदावरची वलयं

आता धूळ पुसायला बसवलेल्या बाईनं बुरशी पुसली, तर तिला काय फासावर चढवायचं? पण संग्रहालयात नुकत्याच कामाला लागलेल्या धाकट्या सुनेला त्या दिवशी तसंच वाटलं.

पिकांच्या रोगांच्या प्रदर्शनात मांडायचं शंभर वर्षांचं मेणाचं सफरचंद होतं ते. धाकटीनं ओल्या कापसानं अर्धी बाजू पुसली. मळकट पिवळट थर निघाला, खालून चकचकीत तपकिरी साल दिसली. धाकटी स्वतःवर खूशही झाली. मग शेजारचं जुनं लेबल वाचलं, 'सफरचंदाची कुज', आणि तोंडचं पाणी पळालं. पुसली ती धूळ नव्हती, रोगच होता. कुणीतरी ठिपका ठिपका लावून केलेला.

ती तशीच विभागाच्या मोठ्या बाईंकडे गेली आणि सगळं सांगून मोकळी झाली. या बाई नाकावर माशी बसू देत नाहीत. पण त्या ओरडल्या नाहीत.

"लेबल वाच," त्या म्हणाल्या. "त्यात लिहिलंय तसं परत कर. आठवड्यात जमलं नाही, तर काचेची पेटी रिकामी ठेवू आणि का रिकामी आहे तेही लिहू."

लेबलावर लिहिलं होतं: 'जखमेतून शिरते. आधी मोहरीएवढा डाग. फळ मऊ पडते, साल फाटत नाही. मग बारीक उंचवटे, वलयात वलय. उजेडात एक वलय, अंधारात विसावा.'

घरी सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आपल्या टोपलीतली बुरशी कधी पुसली नाहीस ती?" पण लगेच उठल्या. टोपलीतलं एक नासलेलं सफरचंद काढलं, एका चांगल्याला सुई टोचली आणि दोन्ही एकमेकांना चिकटवून खिडकीत ठेवली. "बघू तर खरं, तुझं लेबल खरं बोलतं का."

बोललं की हो! मोहरीएवढा डाग आला, पसरला. साल शाबूत आणि आत सगळा लगदा. मग ठिपक्यांचं पहिलं वलय उठलं. दुसऱ्या दिवशी त्याच्याबाहेर दुसरं, मग तिसरं. स्वयंपाक ओट्यावर राहायचा आणि दोघी खिडकीशी.

"मेलीला ना डोळे ना डोकं," सासूबाई हळूच म्हणाल्या, "आणि दिवस उजाडला हे हिला कळतं कसं गं?"

धाकटीनं वलयं पुन्हा मोजली. नासणं म्हणजे नुसता चिखल, असं ती जन्मभर समजत आली होती.

संग्रहालयात ती मेण आणि रंगाची पूड घेऊन बसली. उरलेली बाजू भिंगातून पाहिली, तर मधलंच एक वलय अगदी बारीक. कारागिराचा हात चुकला असेल म्हणावं, तर तेच वलय पुसलेल्या भागाच्या कडेपर्यंत तसंच बारीक आलेलं. आणि तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कारागिरासमोरच्या खऱ्या फळावर ते वलय उठलं, त्या दिवशी गारठा पडला असेल, रोग फारसा वाढलाच नसेल. शंभर वर्षांपूर्वीचा एक गार दिवस तिच्यासमोर मेणात बसला होता. त्या कारागिरानं तो सुधारला नव्हता. ती कितीतरी वेळ ब्रश न उचलता बघत राहिली. मग तिनंही ते वलय बारीकच पुढे नेलं.

मोठ्या बाईंनी फळ फिरवून फिरवून पाहिलं आणि लेबलाखाली एक ओळ घातली: 'उजवी बाजू साफ करताना पुसली गेली, वरील मजकुरावरून पुन्हा केली आहे.' धाकटीचं तोंड एवढंसं झालं. आता येणारा जाणारा तिची चूक वाचणार होता.

प्रदर्शन उघडलं त्या दिवशी सासूबाई आल्या. त्यांनी लेबल शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मग उजव्या बाजूला जाऊन काचेला नाक टेकवलं आणि बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. मागे रांग खोळंबली.

"आई, चला ना," धाकटी कुजबुजली.

"थांब गं," सासूबाई म्हणाल्या. "वास कसा येत नाही?"

धाकटीला हसूही आलं आणि रडूही. ती त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.