आवाज बंद ठेवून

निवडणुकीत यंत्राने बनवलेल्या व्हिडिओंसाठी राज्याने कायदा आणला, तेव्हा आमच्याकडे एक वारलेले पुढारी जिवंतपणी केली नव्हती इतकी भाषणं ठोकत होते. कायदा सरळ होता. असल्या व्हिडिओवर तशी पट्टी हवी; नसेल तर तो उतरवायचा. एका उमेदवाराने धसका घेऊन स्वतःच्या खऱ्या कपाळालाच पट्टी चिकटवली आणि प्रचाराला निघाला. खोटं वाटत असेल तर त्याच्या बायकोला विचारा; पट्टी सोडवताना त्याची भुवईही तिच्याच हातात आली.

माझी मेहुणी तपासणी कक्षात होती. तिथे व्हिडिओ आवाज बंद ठेवूनच बघत, कारण बोलणं ऐकलं की माणूस बाजू घेतो. कान, दात, पापण्या बघायच्या आणि 'खरा' की 'बनावट' ते ठरवायचं. बघून बघून तिचं असं झालं होतं की घरी कुणी रडत आलं तरी ती आधी त्याच्या कानाच्या पाळ्या बघे.

माझा साडू, म्हणजे तिचा नवरा, त्याच निवडणुकीत अपक्ष उभा होता. एका दुपारी त्याचाच व्हिडिओ तिच्यासमोर आला. नातलगाचा व्हिडिओ दुसऱ्याकडे द्यायचा असतो. चेहरा ओळखीचा वाटला खरा, पण एव्हाना तिला सगळेच ओळखीचे वाटत होते. पाळ्या ठीक, पापण्या ठीक. 'खरा' म्हणून तिने पुढचा लावला. चहाच्या वेळी शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी तोच व्हिडिओ लावून आपला फोन तिच्या कानाला लावला. साडू म्हणत होता, मला ही निवडणूक नको आणि ते घरही नको.

थोड्याच वेळात स्वारी धापा टाकत हजर. रागाच्या भरात बोललो, कार्यकर्ते पांगले, बनावट म्हणून उतरवून टाक, हेच त्याचं पालुपद. घराबद्दल चकार शब्द नाही. मेहुणीला तर तेवढंच जाणून घ्यायचं होतं.

हरकत आली की माणसाला समोर बसवून तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावत आणि चेहरे जुळवत. कक्षाचे साहेब तिला म्हणाले, तुम्ही उठा, मी बघतो. ती म्हणाली, असू दे.

"म्हणा," तिने नवऱ्याला सांगितलं.

"अगं, सगळ्यांसमोर काय?"

"आम्ही ऐकत नसतो. म्हणा."

त्याने म्हटलं. निवडणुकीपाशी पापण्या फडफडल्या, ओठ अडखळले. घराचं मात्र सरळ, सपाट म्हणून गेला. तिने व्हिडिओ पुन्हा लावला. त्यातही तसंच होतं.

"जुळतंय," ती म्हणाली आणि 'खरा' कायम ठेवला.

साडूने खिशातून घराची किल्ली काढली.

"मग किल्ली कुणाकडे ठेवू?"

"शेजारी द्या," ती म्हणाली. "आणि उठा आता, मागे माणसं थांबलीत."